फुटली, फोडली, फुटू दिली

आमच्या प्रयोगशाळेत आजवर एकाही मुलाने काहीही फोडलेलं नाही. बीकर फुटतात, परीक्षानळ्या फुटतात, थर्मामीटर हातातून सुटतो, आम्ल सांडतं. क्रियापद नेहमी वस्तूचं असतं. मूल शेजारी उभं असतं, तेही योगायोगाने.

याचा कायद्याशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण कायद्याशी माझाच काही संबंध नव्हता. मी रसायनशास्त्र शिकवते. पण त्या वर्षी नववीला ‘व्यवहारातला कायदा’ नावाचा आठवड्यातून एक तास सुरू झाला, आणि वेळापत्रकात त्या तासाला मोकळी सापडले ती मी. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की तुमची सख्खी बहीण वकील आहे, तेवढं पुरे.

ताई दिवाणी वकील. मी फोन करून पहिलाच प्रश्न विचारला की दिवाणी दाव्यात आरोपीला साधारण काय शिक्षा होते. ताईने मला तिथेच अडवलं.

“आरोपी नव्हे गं बाई, प्रतिवादी. आणि शिक्षा नव्हे, भरपाई. वर्गात हे बोलणार असशील तर माझं नाव सांगू नकोस.”

मग तिने सावकाश समजावलं. फौजदारीत सरकार विचारतं, तू गुन्हा केलास का. दिवाणीत एक माणूस दुसऱ्याला विचारतो, तुझ्यामुळे माझं नुकसान झालं, ते कोण भरून देणार. त्यातलाच एक भाग अपकृत्यांचा. दोघांत करार नसतो, बरेचदा कुणाच्या मनात काही वाईटही नसतं, तरी एकाच्या हलगर्जीपणाने दुसऱ्याला इजा होते. मग चार प्रश्न विचारायचे. काळजी घेण्याची जबाबदारी कुणावर होती? ती पाळली गेली का? न पाळल्यामुळेच हे घडलं का? आणि नुकसान नेमकं काय झालं? हे ऐकल्यावर मला धीर आला. क्रमाने विचारायचे चार प्रश्न म्हणजे प्रयोगाची कृतीच.

मुलांना मात्र कृतीत रस नव्हता. त्यांना कोर्ट म्हणजे हातोडा, पिंजरा आणि फाशी हवी होती. ‘अपकृत्य’ हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं की त्यावर औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर. सगळ्यात अवघड होता तो पण-पण. त्याचं हे नाव शिक्षकांनीच पाडलं होतं, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ‘पण बाई, पण’ असं सुरू व्हायचं. त्याचं म्हणणं होतं की मुद्दाम केलं नसेल तर चूक कुणाचीच नाही. फुटलं ते फुटलं.

तेव्हा मला प्रयोगशाळा आठवली. मी फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे फुटणं, पडणं, सांडणं, निघणं. उजवीकडे फोडणं, पाडणं, सांडवणं, काढणं. डावीकडे कुणीच दोषी नाही, उजवीकडे करणारा पक्का ठाऊक. मग विचारलं की हलगर्जीपणा कुठल्या रकान्यात टाकायचा. पण-पण म्हणाला डावीकडे, बाकीचे म्हणाले उजवीकडे, आणि दंगा सुरू झाला.

“बाई, मध्ये एक राहिलं,” खिडकीजवळून आवाज आला. “फुटू दिलं.”

वर्ग एकदम गप्प झाला, कारण बोलली होती वावटळ, आणि वावटळ कितीतरी दिवसांत वर्गात बोललीच नव्हती.

तिचं काय झालं होतं ते सगळ्या शाळेला माहीत होतं. आमच्या नव्या ग्रंथालयाला काचेचं दोन झडपांचं दार आहे, जमिनीपासून छतापर्यंत. मोठ्या बाईंचं ते लाडकं. देणगीदारांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्याच आठवड्यात वावटळ मधल्या सुट्टीत त्या दारातून आरपार गेली. तिला ते बंद आहे हे दिसलंच नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत टाके पडले. ते भरून आले, पण सूचनाफलकावरचा कागद तसाच राहिला: ‘ग्रंथालयाचे दार फोडल्याबद्दल’ तिला वर्षअखेरपर्यंत शाळेच्या संघातून वगळण्यात आलं होतं. ती बास्केटबॉलच्या संघाची कर्णधार होती आणि आंतरशालेय सामने तोंडावर आले होते. तिची आई शाळेत येऊन मोठ्या बाईंची माफी मागून गेली होती. आमच्या पोरीचा पाय जमिनीवर टिकतच नाही, म्हणाली, लहानपणापासून असंच. वावटळही खाली मान घालून उभी होती. आपल्याला इजा झाली आहे हे त्या दोघींच्या बोलण्यात कुठे आलंच नाही.

मी फळ्यावर दोन रकान्यांच्या मध्ये ‘फुटू दिलं’ लिहिलं. खडू खाली ठेवायच्या आत शिडी उभी राहिली. ही वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, वावटळची जिवलग मैत्रीण. ती म्हणाली की पालकसभेत आपल्या वर्गाचं अभिरूप न्यायालय आहे, त्यासाठी खटला अजून ठरलेला नाही. हाच घेऊ या. वादी वावटळ, प्रतिवादी शाळा.

“पण बाई, पण शाळेचा वकील कोण?” पण-पणने विचारलं.

चिठ्ठ्या टाकल्या. तोच निघाला.

परवानगीसाठी मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या नाकावर माशी बसू न देणाऱ्या, पण वाईट बाई नव्हेत. पडक्या शेडमध्ये भरणाऱ्या शाळेची त्यांनी इमारत केली होती आणि तिच्यातली वीट न् वीट त्यांना स्वतःची वाटायची. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जरूर घ्या, मीही साक्षीला येईन. मुलांना कळू दे की नियम कशासाठी असतात. न्यायाधीश म्हणून त्यांनी स्वतःच ओळखीच्या एका निवृत्त न्यायाधीशांना बोलावलं. आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, “निकाल जो लागेल तो मी मानीन. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीलाही मानायला सांगा.”

त्यांना निकालाची खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही तीच होती.

ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, वादी मागणार काय? मी म्हटलं, पैसे नकोत, फलकावरचा कागद काढावा आणि संघात परत घ्यावं. ताई हसली. खऱ्या कोर्टात असलं मागणं टिकेलच असं नाही, म्हणाली, पण तुमचं कोर्ट खोटं आहे, बिनधास्त मागा. फक्त तिसऱ्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. हलगर्जीपणामुळेच घडलं, हे दाखवता आलं नाही तर बाकी सगळं वाया.

अडचण तिथेच होती. काच स्वच्छ होती, एवढंच मुलांच्या हाती होतं. स्वच्छ काच ठेवणं हा हलगर्जीपणा कसा, असं पण-पण आधीच सगळ्यांना ऐकवत फिरत होता.

एका दुपारी मी, शिडी आणि वावटळ ग्रंथालयाच्या दारापाशी गेलो. एक झडप नवी बसवलेली होती, दुसरी मूळची. शिडीने दोन्हींना हात लावून पाहिला, वाकून पाहिलं, उजेडाकडे तिरकं पाहिलं. काही नाही. वावटळ बराच वेळ लांब उभी होती. अपघातानंतर ती त्या दाराजवळ आलीच नव्हती. मग ती हळूहळू पुढे झाली, इतकी की तिचं नाक जुन्या काचेला टेकलं, आणि तिने श्वास सोडला.

काचेवर वाफ धरली आणि वाफेत एक गोल उमटला. हातभर अंतरावर आणखी एक अर्धा दिसत होता.

आम्ही तिघी काचेवर श्वास सोडत आडव्या सरकत गेलो. ग्रंथपाल चष्म्यावरून बघत राहिल्या. एका ओळीत, नववीतल्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, गोल उमटत होते आणि विरत होते. मी मुलींना सांगितलं की काचेवर गोंदाचा अगदी पातळ थर उरला, डोळ्याला दिसणारही नाही इतका, तरी तिथे पाण्याचे थेंब वेगळ्या आकाराचे बसतात, म्हणून वाफेत तो भाग वेगळा दिसतो. मग शिडीने मी न सांगता नव्या झडपेवर श्वास सोडला. तिथे वाफ सगळीकडे सारखी धरली. तुलनेसाठी कोरा नमुना घ्यायचा, हे मी तिला पूर्वी कधीतरी शिकवलं होतं, आणि परीक्षेत तिने ते चुकवलं होतं.

म्हणजे दारावर गोल चिकटपट्ट्या होत्या. काच आहे हे दिसावं म्हणून लावतात तशा. आता त्या नव्हत्या.

“निघाल्या असतील,” वावटळ म्हणाली.

शिडीने तिच्याकडे पाहिलं.

पालकसभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. खटला बघायला शेजारच्या वर्गातली मुलंही खिडक्यांना लोंबकळत होती. न्यायाधीश कानात यंत्र घालणारे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी बसल्याबसल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे टेबलावरचा लाकडी हातोडा उचलून खाली ठेवला. आम्ही असलं काही वापरत नाही, म्हणाले, मी नुसतं बोललो तरी लोक गप्प बसायचे. लोक गप्प बसले.

पण-पण कोट घालून आला होता, त्याच्या काकांचा, बाह्या दुमडलेला. तो चांगला बोलला. नियम आहे की व्हरांड्यात धावायचं नाही, तो भिंतीवर ठळक लिहिलेला आहे, वादीला तो माहीत होता. तिचं टोपणनावच सगळं सांगतं. लोक हसले. वावटळची आई पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती, ती हसली नाही.

मग वावटळ साक्षीला उभी राहिली. शिडीने तिची तयारी करून घेतली होती. ‘पळत होतीस का’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं होतं: भरभर चालत होते. ते पूर्ण खोटंही नव्हतं. वावटळचं चालणं म्हणजे इतरांचं पळणंच. मला ते उत्तर आवडलं नव्हतं, पण खटला मुलांचा होता, म्हणून मी मध्ये पडले नव्हते.

पण-पणने तोच प्रश्न विचारला आणि हात मागे बांधून थांबला.

वावटळने आधी शिडीकडे पाहिलं, मग आईकडे. तिचा उजवा हात, टाक्यांच्या खुणांचा, टेबलाच्या कडेवर होता.

“पळत होते,” ती म्हणाली. “जोरात. नियम माहीत होता, तरी पळत होते.”

शिडीने डोळे मिटले. पण-पणलाही हे अपेक्षित नव्हतं. त्याने पुढचे प्रश्न ‘चालत होते’ या उत्तराला खोटं पाडण्यासाठी तयार ठेवले होते. ते सगळे निरुपयोगी झाले. तो खाली बसला. सभागृहात कुजबुज सुरू झाली, आणि त्या कुजबुजीचा अर्थ स्पष्ट होता: संपलं. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या. वावटळ जागेवर जाऊन बसेपर्यंत त्या तिच्याकडे एकटक बघत होत्या.

शाळेच्या बाजूने साक्ष द्यायला त्या उठल्या तेव्हा पण-पणने मोजकंच विचारलं. शिस्त, नियम, फलक. त्यांनीही मोजकीच उत्तरं दिली. मग शिडी उभी राहिली. तिचा आवाज सुरुवातीला चिरकत होता. तिने न्यायाधीशांची परवानगी घेऊन वाफेची हकिकत सांगितली. जुन्या झडपेवर गोल, नव्या झडपेवर काही नाही. न्यायाधीश पुढे झुकले आणि त्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. कानाचं यंत्र नीट होतं. त्यांना ते दोनदा ऐकायचं होतं.

“म्हणजे दारावर खुणा होत्या,” शिडी म्हणाली. “अपघात झाला तेव्हा त्या नव्हत्या. मोठ्या बाई, त्या निघाल्या, की काढल्या?”

पण-पण ताडकन उठला. त्याने हरकत घेतली, साक्षीदाराच्या तोंडात शब्द घातला जातोय म्हणून. न्यायाधीशांनी हरकत फेटाळली. दोन शब्द दिलेत, म्हणाले, साक्षीदार हवा तो घेईल.

प्रश्न साधा होता. ‘निघाल्या’ म्हटलं असतं तर शिडीकडे पुढे काहीच नव्हतं. चिकटपट्ट्या निघतातच. गोंद वाळतो, फडकं लागतं, कोपरा उचलला जातो. वाफ फक्त एवढंच सांगत होती की त्या होत्या. त्या कशा गेल्या ते सांगणारं एकच माणूस सभागृहात होतं, आणि ते आत्ता उभं होतं. मोठ्या बाई खिडकीकडे बघत होत्या. खिडकीला लोंबकळणारी मुलं त्यांच्या नजरेने एरवी पटापट खाली उतरली असती. आज एकही उतरलं नाही.

“काढल्या,” मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं सांगितलं. “मी काढून घेतल्या. फोटो काढायचे होते. काच आहे हे कळूच नये इतकी स्वच्छ हवी, असं मीच म्हणाले होते. परत लावायचं राहून गेलं.” त्या थांबल्या. “नाही. राहून गेलं नाही. मी लावल्या नाहीत.”

माझ्या शेजारी बसलेल्या क्रीडाशिक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला असं मला वाटलं, मग कळलं की तो माझाच होता.

न्यायाधीशांनी निकाल लगेच दिला. काळजी घेण्याची जबाबदारी शाळेवर होती, कारण दार शाळेचं आणि येणारी-जाणारी मुलं. ती पाळली गेली नाही, हे शाळेच्याच तोंडून आलं आहे. खुणा असत्या तर पळणाऱ्या मुलीलाही त्या दिसल्या असत्या, म्हणून इजा त्यामुळेच झाली. नुकसान तिच्या हातावर आहे. मात्र वादी पळत होती, आणि ते तिने स्वतः कबूल केलं आहे, म्हणून दोषाचा लहान वाटा तिचाही. मोठा वाटा शाळेचा. “आणि त्या फलकावर ‘फोडल्याबद्दल’ असं जे लिहिलंय,” ते म्हणाले, “ते कायद्याच्या दृष्टीनेही चूक आणि मराठीच्याही.”

आता मात्र सभागृह फुटलं. खिडकीतली मुलं आत पडली, खरोखरच आत पडली, एकमेकांच्या अंगावर. शिडी रडत होती आणि आपण रडत नाही असं सगळ्यांना सांगत होती. पण-पण काकांच्या कोटाच्या बाह्या सोडत वावटळपाशी आला आणि म्हणाला की पळत होतीस हे तू बोललीस तिथेच मी हरलो, पण ते मला मागाहून कळलं. वावटळ म्हणाली, मलाही. तिची आई दोघांच्या मध्ये शिरली, लेकीचा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांसमोर त्या खुणांवरून बोटं फिरवली. दुखलं होतं का गं फार, असं तिने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मोठ्या बाई कधी बाहेर गेल्या ते कुणाला दिसलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फलकावरचा कागद होता, टाचण्यांसकट. तो त्यांनी न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला. मग वावटळपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“माझी चूक झाली,” त्या म्हणाल्या. “हात दुखतो अजून?”

“थंडीत दुखतो, बाई.”

त्यांनी मान हलवली. मग क्रीडाशिक्षकांकडे वळून विचारलं की संघाचा सराव किती वाजता असतो. ते चाचरत म्हणाले की खरं तर आत्ताच, पोरी मैदानावर वाट बघताहेत.

“मग कर्णधार इथे काय करतेय?”

सगळी पालकसभा मैदानावर गेली. प्रगतिपुस्तकं वर्गात तशीच राहिली. न्यायाधीश एका बाकावर बसले आणि मला खेळाचे नियम विचारू लागले. मला ते येत नव्हते, म्हणून पण-पणने समजावून सांगितले, एकही ‘पण’ न घालता. वावटळने बूट बदलले नव्हते, अंगात संघाचा गणवेशही नव्हता. संघातल्या मुलींनी तिला घेरलं, पाठीत धपाटे घातले आणि चेंडू तिच्या हातात दिला.

पहिला चेंडू कडीला आपटून लांब गेला. दुसरा फळीला लागून परत आला. तिने उजवा हात झटकला, मूठ उघडली, मिटली. खेळाडू मुली मागे सरकल्या. तिसरा चेंडू तिने बराच वेळ हातात फिरवला, मग उडी मारली आणि सोडला. तो कडीला न लागता जाळीतून खाली आला, आणि तो अजून हवेत होता तेव्हाच मैदानावरचे सगळे उभे राहिले होते, मोठ्या बाई सगळ्यांच्या पुढे.